चेहरा झाकला, चाल उघडी

क्वीअर (समलिंगी, तृतीयपंथी वगैरे) आयुष्यावरचे माहितीपट करू पाहणाऱ्या आणि दाखवू पाहणाऱ्या खान्देशातल्या वाचकांच्या पत्रांना ही उत्तरं. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. गाव लहान असेल तिथे फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : माझ्या एका समलिंगी मित्राची मुलाखत मोबाईलवर घ्यायची आहे. चेहरा धूसर करणारं ॲप माझ्याकडे आहे. तेवढं पुरेल ना? (चोपडा तालुका)

नाही पुरणार. धूसर करणं हा शेवटचा उपाय आहे, आणि आपल्याकडे सगळे तिथूनच सुरुवात करतात.

असं ॲप चेहरा शोधत त्याच्या मागे फिरतं. बोलणाऱ्याने मान वळवली किंवा हात तोंडापुढे नेला की एक-दोन फ्रेम सुटतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये १५,००० फ्रेम होतात. त्यातली एक सुटली तरी कोणीतरी तिथेच थांबवून स्क्रीनशॉट काढतो आणि गावच्या ग्रुपवर टाकतो. शिवाय धूसर केलेले किंवा चौकटी पाडलेले चेहरेसुद्धा ओळखायला संगणकाला शिकवता येतं, हे २०१६ मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

म्हणून चेहरा कॅमेऱ्यात येऊच देऊ नका. खिडकीला पांढरी चादर लावा आणि मित्राला खिडकी व कॅमेरा यांच्या मध्ये बसवा. त्याचं तोंड खिडकीकडे तिरपं असू द्या, म्हणजे कॅमेऱ्याला कान आणि खांदा दिसेल. नाकाची-हनुवटीची कड दिसता कामा नये. बाजूने घेतलेली काळी आकृती घरचा माणूस लगेच ओळखतो. चादर उजेडात चेहऱ्यापेक्षा निदान सोळापट, म्हणजे चार स्टॉप, उजळ हवी. मोबाईलवर चादरीवर बोट दाबून ठेवा, एक्स्पोजर लॉक करा आणि मग आणखी खाली ओढा. एचडीआर आणि नाइट मोड आधी बंद करा. हे दोन्ही काळोखातला तपशील उजळ करून दाखवायलाच बनवलेले आहेत आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. कॅमेऱ्याच्या बाजूची भिंत पांढरी असेल तर तिच्यावरून उजेड परत येतो, तिथे गडद घोंगडी टांगा. कपाटाचा आरसा, बंद टीव्ही, मित्राचा चष्मा, स्टीलची पिंपं यांत प्रतिबिंब पडतंय का ते बघा. दहा सेकंदांचा तुकडा घेऊन एडिटिंग ॲपमध्ये ‘शॅडोज’ पूर्ण वर न्या. डोळे दिसले तर मांडणी बदला. रॉ किंवा लॉगमध्ये चित्रित करू नका. त्यात अंधारातला चेहरा नंतर उजळून काढता येतो.

एवढं करून काम अर्धंच होतं. मुंबईत चेहरा झाकला की बरंच झाकलं जातं. तालुक्याच्या गावी माणूस चालीवरून, मोटारसायकलवरून, मनगटावरच्या गोंदणावरून, बसताना एक पाय खाली घेण्याच्या सवयीवरून ओळखला जातो. ‘हाऊ कोना आंडोर शे?’ (हा कोणाचा मुलगा?) हे जिथे पारावर रोज विचारलं जातं, तिथे उत्तर काढायला चेहरा लागत नाही. भिंतीवरचं खत-बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, भोंग्यावरचं गावाचं नाव, रेल्वेची उद्घोषणा हे सगळं बोलतं. बोलण्यातला तपशील तर सगळ्यात जास्त बोलतो. ‘भाऊ फौजेत आहे’ आणि ‘बहीण एरंडोलला दिली’ ही दोन वाक्यं एकत्र आली की घर सापडलं.

यावर एकच भरवशाची पद्धत आहे. कॅमेरा सुरू करण्याआधी मित्रालाच विचारा: कोणत्या तीन माणसांनी तुला ओळखता कामा नये? समजा, थोरला भाऊ, शेजारचे काका आणि कंपनीतला सुपरवायझर. मग प्रत्येकाची वेगळी यादी करा: भाऊ कशावरून ओळखेल, काका कशावरून, सुपरवायझर कशावरून. भावाला आवाज आणि शर्ट पुरतो, सुपरवायझरला रजेची तारीख. शर्ट उसना आणा, तारखा गाळा. संकलन झाल्यावर तीच यादी घेऊन पूर्ण फिल्म पुन्हा बघा.

प्रश्न : पण चेहराच दिसणार नसेल तर अशी फिल्म बघणार कोण? (पाचोरा)

लोक बघतात, पण नुसती काळी आकृती वीस मिनिटं कोणी बघत नाही हेही खरं. आकृती सलग दोन-तीन मिनिटांहून जास्त ठेवू नका.

जगात याची उत्तरं वेगवेगळी निघाली आहेत. रशियातल्या चेचन्यात २०१७ पासून समलिंगी लोकांची धरपकड आणि छळ सुरू झाला. तिथून सुटून जाणाऱ्यांवरच्या ‘वेलकम टू चेचन्या’ (२०२०) या फिल्ममध्ये डेव्हिड फ्रान्स यांनी चेहरे धूसर केले नाहीत. न्यूयॉर्कमधल्या वीसहून अधिक स्वयंसेवकांचे चेहरे अनेक कोनांतून टिपून ते संगणकाने पीडितांच्या चेहऱ्यांवर चढवले. भाव खरे, चेहरा उसना. कडा किंचित धूसर ठेवल्या, म्हणजे प्रेक्षकाला कळावं की हा मुखवटा आहे. एकजण पुढे उघडपणे तक्रार करतो, तेव्हा पडद्यावर त्याचा उसना चेहरा विरघळून खरा दिसतो. हे तंत्र आपल्या खिशाला झेपणारं नाही. फुकटची चेहरा-बदल ॲप तर वापरूच नका. त्यांत मूळ चेहरा कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर चढतो.

झेपणारा रस्ता रेखाटनांचा आहे. ‘फ्ली’ (२०२१) या डॅनिश फिल्ममध्ये एका अफगाण निर्वासिताची गोष्ट ॲनिमेशनमधून येते. त्याचं नाव बदललेलं आहे, आवाज आणि आठवणी त्याच्या. दिग्दर्शक त्याला आडवं पडून डोळे मिटायला सांगतो आणि काय दिसतंय, कसला वास येतोय, हे वर्तमानकाळात बोलायला लावतो. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. डोळे मिटलेला माणूस भाषण करत नाही.

पूर्ण ॲनिमेशन नको. सेकंदाला १२ चित्रं म्हटलं तरी दहा मिनिटांना ७,२०० लागतात. त्याऐवजी स्थिर चित्रं घ्या. एक चित्र आठ ते दहा सेकंद ठेवलं तर दहा मिनिटांना साठ ते पंचाहत्तर पुरतात, आणि चित्रकलेच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून ती महिनाभरात होऊ शकतात. फक्त प्रत्यक्ष चित्रीकरणावर कागद ठेवून गिरवायला सांगू नका. गिरवलेल्या चित्रात उभं राहण्याची ढब जशीच्या तशी उतरते.

प्रश्न : आवाज बदलायला व्हॉइस चेंजर वापरला तर चालेल का? बोलणारा अहिराणी बोलतो. (अमळनेर)

चार सेमीटोन (सुराच्या पायऱ्या) खाली नेलेला आवाज कोणीही चार सेमीटोन वर नेऊन जवळपास मूळ जागी आणू शकतो. शिवाय तो आवाज गुन्हेगारी कार्यक्रमातल्या खबऱ्यासारखा लागतो, ज्याची या माणसाला अजिबात गरज नाही.

दुसऱ्याकडून बोलवून घ्या. मूळ ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवा, अडखळणं आणि थांबणंही. वाचणाऱ्याच्या कानात मूळ आवाज सोडा आणि त्याला मागोमाग बोलायला सांगा, नुसता कागद वाचला तर नाटक होतं. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मूळ आवाजाचा ट्रॅक म्यूट करून ठेवू नका, प्रकल्पातून काढून टाका. म्यूट केलेला ट्रॅक निर्यात करताना चुकून परत सुरू होतो, आणि हे कळतं फिल्म लोकांपर्यंत गेल्यावर. सुरुवातीला निदान पाच सेकंद पाटी हवी: ‘आवाज दुसऱ्या व्यक्तीचा आहे, शब्द मूळ व्यक्तीचे.’

बोलीचा प्रश्न नाजूक आहे. अहिराणीचा पट्टा धुळे, अमळनेर, चाळीसगाव असा मोठा आहे, त्यात माणूस लपतो. लेवा गणबोली ऐकली की समाज आणि रावेर-यावलचा पट्टा दोन्ही एकदम कळतात. तरी पुस्तकी मराठी करू नका. तसं केलं की अत्याचार सोसणारा माणूस शहरातला वक्ता होऊन बसतो. खास एका गावचे शब्द, म्हणी आणि टोपणनावं तेवढी बदला, तीही बोलणाऱ्याला विचारून.

प्रश्न : संमतिपत्रावर सही घेतली की आपण मोकळे, असं आमच्या ग्रुपमध्ये म्हणतात. बरोबर आहे का? एक पात्र विवाहित आहे, बायकोला काही माहीत नाही. (भुसावळ)

सही घेतली की फार तर कोर्टात तुमची बाजू थोडी भक्कम होते. आणि तो कागद तुमच्या घरी सापडला तर? त्यावर खरं नाव, पत्ता आणि फिल्मचा विषय एकाच जागी लिहिलेला असतो.

कागद करा, पण फाइलींवर आणि पावत्यांवर ‘क-१’, ‘क-२’ असे संकेत वापरा. संकेत आणि नावं जोडणारी यादी एकच, आणि ती चित्रीकरणाच्या सामानासोबत कधीही नसावी. ज्याला वाचता येत नाही किंवा सही करायची भीती वाटते, त्याची संमती त्याच्या बोलीत, नाव न घेता, आवाजात नोंदवा.

संमती चार वेळा घ्यायची असते. चित्रीकरणाआधी, चित्रीकरण झाल्यावर दुसऱ्या दिवशी (मन हलकं होऊन नको ते बोललं गेलं का, हे विचारून), कच्चं संकलन दाखवून, आणि प्रत्येक नव्या ठिकाणी दाखवण्याआधी. मुंबईच्या महोत्सवातल्या दोनशे अनोळखी प्रेक्षकांना दिलेला होकार यूट्यूबला लागू होत नाही. यूट्यूबवरची फिल्म काकांच्या मोबाईलवर येते, महोत्सवातली येत नाही. माघार कधीपर्यंत घेता येईल तेही लिहा. संकलन अंतिम होईपर्यंत कारण न देता, ही वाजवी मर्यादा आहे. त्यानंतर पुसता येण्याची खात्री देऊ नका, कारण ती तुमच्या हातात नाही.

विवाहित पात्राबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: बायकोबद्दल, संसाराबद्दल, मुलांबद्दल तो जे बोलेल त्यातलं काहीही ठेवू नका. होकार त्याने दिला आहे, तिने नाही. फिल्म ओळखली गेली तर गावात उत्तरं तिला द्यावी लागतील. त्याची एकटेपणाची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येते. येत नसेल तर हे पात्र या फिल्ममध्ये नको.

अठरा वर्षांखालच्या कोणाची मुलाखत घेऊच नका. कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल बोलत असेल आणि तेव्हा ते अल्पवयीन होतं, तर ओळख उघड करण्याला पॉक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) २३व्या कलमाची बंदी आहे.

प्रश्न : २०१८ नंतर कायदा बाजूने आहे. मग एवढी लपवाछपवी का? उलट उघडपणे दाखवायला हवं. (धुळे)

कायद्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध ३७७ कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. तृतीयपंथींच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्याचा उपयोग आपल्याच भागात झाला: जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिलांच्या जागेवरचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला होता, औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो मान्य करायला लावला, आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडूनही आल्या. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला गेला.

पण कायदा घरात राहत नाही. इथे मुलाला पोलीस घेऊन जात नाहीत. त्याचं लग्न लावून देतात, मोबाईल काढून घेतात, शेताची वाटणी अडवून धरतात. आणि उघडं करण्याची सक्ती किती महाग पडू शकते हे युगांडात दिसलं. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या एका साप्ताहिकाने समलिंगी लोकांची नावं, फोटो आणि पत्ते छापले. त्यात असलेले कार्यकर्ते डेव्हिड काटो जानेवारी २०११ मध्ये कोर्टात जिंकले आणि त्याच महिन्यात, २६ तारखेला, त्यांचा खून झाला. त्यांच्यावर तेव्हा ‘कॉल मी कुचू’ हा माहितीपट चित्रित होत होता. तो २०१२ मध्ये आला. काटो यांनी चेहरा स्वतःहून दाखवला होता, समजून-उमजून. तो निर्णय त्यांचा होता. तुमच्या पात्राचा निर्णय त्याचा असू द्या. उघड व्हायला तयार असलेली माणसं खान्देशात आहेत, त्यांना पूर्ण उजेडात, समोरून चित्रित करा. मग झाकलेली माणसं का झाकली आहेत, हेही प्रेक्षकाला आपोआप कळतं.

प्रश्न : वहीगायन आणि सोंगाड्या पार्टी या लोककलांत पुरुष स्त्रीवेश घेतात. ती दृश्यं वापरता येतील का? (नंदुरबार)

कलाकाराला विचारल्याशिवाय नाही. लुगडं नेसून नाचणारा माणूस सकाळी कांदे काढायला जातो, आणि बहुतेकदा त्याची स्वतःबद्दलची समजूत तुमच्या फिल्मच्या विषयाशी जुळत नाही. काहींची जुळते, ते सांगतील. संकलनात नुसतं शेजारी ठेवलेलं दृश्यसुद्धा आरोपच करतं.

प्रश्न : मे महिन्यात चित्रीकरण आहे. खोली बंद ठेवावी लागते, कूलर लावला तर आवाज खराब. काय करावं? (जळगाव)

पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ धरा. खोली आधी तासभर कूलरने थंड करा, मग बंद करून बारा ते पंधरा मिनिटांचे तुकडे घ्या. बोलणाऱ्याचा घाम आणि मोबाईलचा ताप दोन्हींची मर्यादा साधारण तेवढीच. मोबाईलचं कव्हर काढा, विमान मोड लावा, पडद्याची चमक कमी करा. बर्फ लावू नका, लेन्सच्या आत वाफ धरते. फ्रीज बंद करणार असाल तर गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो परत सुरू करायला विसरणार नाही. माणूस उठण्याआधी रिकाम्या खोलीचा साठ सेकंद आवाज घ्या, जोडकामाला लागतो. ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमवर चित्र लुकलुकू शकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि १/५० शटर.

प्रश्न : बोलणाऱ्यांना पैसे द्यावेत का? दिले तर ‘विकत घेतलं’ म्हणतात. (रावेर तालुका)

द्यावेत, आणि आधी सांगून. न्यूयॉर्कच्या बॉल-संस्कृतीवरच्या (क्वीअर लोकांच्या वेशभूषा-नृत्य स्पर्धांवरच्या) ‘पॅरिस इज बर्निंग’ (१९९०) ला नाव आणि पैसा मिळाल्यावर त्यातल्या अनेकांनी आपला वाटा मागितला, आणि तो वाद आजही त्या फिल्मच्या नावासोबत येतो. केळी कापणीचा खाडा झाला असेल तर ती मजुरी, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण हे मानधन नव्हे, भरपाई आहे. तो हिशेब वेगळा ठेवा. काय बोललं यावर रक्कम ठरता कामा नये. बोलणं अर्ध्यात थांबवलं तरी पूर्ण रक्कम. किन्नरांच्या घराण्यात चित्रीकरण असेल तर आधी गुरूंची परवानगी घ्या, पण चेल्याचे पैसे चेल्याच्या हातात द्या. यूपीआय वापरू नका, दोन्हीकडच्या खात्यांत नाव आणि तारीख उरते. रोख द्या, पावती संकेतावर.

प्रश्न : आमच्या कॉलेजात असे माहितीपट दाखवायचे आहेत. परवानगी लागते का? (जळगाव)

सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, लघुपट असो वा माहितीपट. के. ए. अब्बास यांचा १९७० चा खटला एका माहितीपटावरूनच झाला होता आणि पूर्वतपासणी वैध ठरली होती. महोत्सवांना माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, ती कॉलेजच्या हॉलला आपोआप लागू होत नाही. म्हणून आधी निर्मात्याला लिहा: प्रमाणपत्र कोणतं आहे आणि दाखवायची परवानगी देता का. ‘ए’ असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांना बसवता येत नाही. ज्युनियर कॉलेज त्याच आवारात असतं म्हणून हे सांगतोय. ३७७ कलमावरचा श्रीधर रंगायन यांचा ‘ब्रेकिंग फ्री’ (२०१५) सुरुवातीला चांगला. मुंबईत २०१० पासून भरणाऱ्या कशिश महोत्सवाची जुनी वेळापत्रकं चाळली तरी नावं मिळतात.

तीस-चाळीस प्रेक्षकांना सहा फुटी पडदा आणि ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, खिडक्यांना काळे पडदे असतील तर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हजेरीपट फिरवू नका, प्रेक्षकांचे फोटो काढू नका. अशा फिल्मला येऊन बसणं हीच कोणासाठी तरी जाहीर कबुली ठरू शकते. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलीला फोटो हवाच असेल तर पडद्याचा काढा. चर्चेत प्रश्न चिठ्ठीवर मागवा.

प्रश्न : घरात एकच लॅपटॉप आहे, भाऊही वापरतो. चित्रीकरण कुठे ठेवू? (शिरपूर)

लॅपटॉपवर नको. बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि पहिली फाइल टाकायच्या आधी तिला व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरने कुलूप लावा. ते मोफत आहे. पासवर्ड सहा असंबद्ध शब्दांचा, कुठेही न लिहिलेला. १०८० मध्ये ५० एमबीपीएसला तासाला साडेबावीस जीबी लागतात, फोरके १०० एमबीपीएसला पंचेचाळीस. तेवढी जागा धरून दोन डिस्क घ्या, दुसरी दुसऱ्या घरात.

मोबाईलमध्ये गूगल फोटोजचा बॅकअप आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चित्रीकरणाआधी बंद करा. बॅकअप सुरू राहिला तर मुलाखतीतली एक फ्रेम घरच्या स्मार्ट टीव्हीवर स्क्रीनसेव्हर म्हणून झळकू शकते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाइलीत लोकेशन तसंच राहतं. एडिटिंग सॉफ्टवेअरचे कॅश आणि प्रॉक्सी फोल्डरही त्याच कुलूपबंद डिस्कवर वळवा, कारण चेहरा झाकण्याआधीची चित्रं तिथे साठतात. ‘रीसेंट फाइल्स’ची यादी रोज पुसा. मेमरी कार्ड फॉरमॅट केलं तरी जुनं चित्रण परत काढता येतं. ते पूर्ण भरेपर्यंत भिंतीचं चित्रीकरण करून मग फॉरमॅट करा, आणि तरीही ते कोणाला विकू किंवा उसनं देऊ नका. लॅपटॉप दुरुस्तीला टाकताना डिस्क जोडलेली नाही ना, हे निघण्याआधी बघा.